पलीकडचं वजन

या, असे जवळ या. ही गोष्ट दारात उभं राहून ऐकायची नाही, बसून ऐकायची आहे. आणि संपली की तुम्हाला जागेवरून उठायचंय, तेव्हा कशावर बसताय तेही जरा बघून ठेवा. गोष्टीत राजा नाही, राक्षस नाही. एक म्हातारा माणूस आहे, एक खुर्ची आहे आणि दोन बोटं उंचीची एक पायरी आहे, जी तिथे असायलाच नको होती. एखाद्याला हलवून जागं करायचं तर देवाला डोंगर कोसळवावे लागत नाहीत. दोन बोटं पुरतात. जवळ आलात ना? मग सांगतो.

त्यांना सगळे कानसेन म्हणत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एकेचाळीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते आणि निवृत्तीनंतरही एका लिफ्टच्याच पोटाशी राहत होते, म्हणजे सहाव्या मजल्यावर, सगळ्यात वर, मशीनच्या खोलीच्या बरोबर खाली. ती जागा कुणाला नकोच होती, कारण दिवसभर डोक्यावर घरघर. त्यांनी ती घरघरीसाठीच घेतली. बायको पहिले सहा महिने कानात कापूस घालून वावरली, आणि पुढे लिफ्ट बंद असली की हिला करमेना. ती जाऊन नऊ वर्षं झाली. कानसेन हे नाव त्यांच्या वस्तादांनी ठेवलेलं. हातोडी, पाना काही न लावता, नुसतं दाराशी उभं राहून 'तिसऱ्या पुलीचं बेअरिंग गेलंय' असं सांगणारा दुसरा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. नवीन माणूस कामावर आला की कानसेन त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत: दार उघडलं की आधी फरशी बघ, मग पाऊल टाक. गाडी मजल्याला बरोबर लागली आहे की नाही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. लिफ्टच्या खोलीला ते 'गाडी' म्हणत. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भाजीची पिशवी घेऊन ते सहाव्या मजल्यावर आले, दार उघडलं, आणि नेमकं तेव्हाच वर मशीनमध्ये काहीतरी खसफसलं. ब्रेकचं अस्तर. झिजलंय. मान आपोआप वर गेली, कान टवकारले, आणि पाय मात्र पुढे पडला. गाडी मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली होती. बुटाचं टोक कडेला अडकलं आणि कानसेन अर्धे गाडीत, अर्धे बाहेर असे आडवे झाले. दुसरा कुणीही पडला नसता. दुसऱ्या कुणाला तो आवाज ऐकूच आला नसता.

हाड मोडलं नव्हतं. हे त्यांना पडल्यापडल्याच कळलं. यंत्र पडलं की आधी काय तुटलं ते बघायची सवय. कोपर सोललं होतं, टोमॅटो घरंगळत जिन्यापर्यंत गेले होते. ठीक आहे, उठू या, असं त्यांनी मनात म्हटलं. आणि कुणी उठलंच नाही. हा अनुभव इतका नवीन होता की त्यांना आधी भीती वाटण्याऐवजी नवलच वाटलं. हुकूम सुटला, मांड्यांपर्यंत गेला आणि तिथे दार बंद. पुन्हा सोडला. मांड्या थरथरल्या, तळहात फरशीवरून घसरला. एवढ्यात लिफ्टचं दार मिटायला आलं, त्यांच्या कमरेला हलकेच लागलं आणि मागे सरलं. पुन्हा आलं, लागलं, मागे सरलं. ह्या दाराला माणसाला लागलं की मागे सरायला त्यांनीच कितीदा शिकवलं होतं, स्प्रिंगा सैल करून, घट्ट करून. ते आता एखाद्या गाईच्या नाकासारखं त्यांना ढोसत होतं: उठता ना? उठता ना? कानसेनांना त्या मशीनचा खिळा न् खिळा ठाऊक होता, आणि ह्या दुसऱ्या मशीनचं, ज्यात ते अठ्ठ्याहत्तर वर्षं बसून फिरले होते, त्याचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. जमिनीवरून उठायचं कसं, आधी काय हलवायचं? आठवेना. लहानपणी कधीतरी शिकले असतील. बारा वेळा दार लागलं. मग शेजारची शिवणकामवाली बाहेर आली, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, त्या काढून ओरडली, "अगं बाई! काका! चक्कर आली का?"

आणि कानसेन म्हणाले, "हो."

ऐका हं, सगळी गोष्ट ह्या 'हो'मध्ये आहे. चक्कर आली नव्हती. पण मेकॅनिक, आणि तोही कानसेन, फरशी न बघता लिफ्टमधून बाहेर पडला हे सांगण्यापेक्षा चक्कर बरी वाटली. चक्कर कुणालाही येते. तिच्यात लाज नाही. संध्याकाळी त्यांनी लिफ्टच्या माणसांना फोन करून 'सहाव्याला दोन बोटं खाली थांबतेय, ब्रेकचं अस्तर बघा' एवढं सांगितलं, कोण पडलं ते सांगितलं नाही. लिफ्ट दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. तो 'हो' मात्र सुटा झाला आणि गावभर फिरू लागला. शिवणकामवालीनं लेकीला फोन केला. लेक आली. लेक म्हणजे ठमी. एक्कावन्न वर्षांची, शाळेत भूगोल शिकवते, पण बापाला ती ठमीच. डॉक्टरांनी चक्कर शोधायला सुरुवात केली. कानात बघितलं, मानेत बघितलं, रक्त काढलं, डोक्याचे फोटो काढले. चक्कर काही सापडेना, आणि सापडत नाही म्हटल्यावर ठमीची भीती दुप्पट झाली. सापडलेल्या रोगाला गोळी असते, न सापडलेल्याला काय करणार?

"बाबा, आमच्याकडे तळमजल्याची खोली मी रिकामी केलीय," ती म्हणाली. "रंगसुद्धा दिला. तुम्हाला आवडतो तो."

"मला कुठला आवडतो?"

"बाबा, विषय बदलू नका. पुन्हा चक्कर आली आणि शेजारचं दारच उघडलं नाही तर? तुम्ही इथे एकटे पडून राहाल, आणि मी तिकडे मुलांना नद्या शिकवत बसेन."

ह्यावर त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायचं तर तो 'हो' परत घ्यावा लागला असता. म्हणून ते म्हणाले, "ठमे, तुला ठाऊक आहे का, लिफ्टमधल्या एकट्या माणसाला वर आणायला मशीनला जोर लागत नाही. खाली न्यायला लागतो."

"मग मी लावते जोर," ठमी म्हणाली, आणि तिच्या हनुवटीत तिची आई दिसली.

मध्यस्थी व्यायामवालीनं केली. ही डॉक्टरांनी धाडलेली मुलगी, काडीसारखी, पाठीवर मोठी पिशवी. तिनं त्यांच्या हातात एक दांडी दिली, म्हणाली दाबा. त्यांनी दात आवळून दाबली. "अठराच किलो," ती म्हणाली. आयुष्यभर ह्या हातानं पाने फिरवले होते. मग तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी करायला सांगितले आणि म्हणाली, "आता हाताचा आधार न घेता उठा, आजोबा. पाच वेळा." ते एकदाही उठले नाहीत. खुर्चीनं जणू धरून ठेवलं होतं. तिनं काहीतरी समजावलं, नाक पायांच्या बोटांपुढे न्या, असं काहीसं. पण कानसेनांचं लक्ष लेकीच्या चेहऱ्याकडे होतं. ठमीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हिशेब मिटल्यासारखं काहीतरी होतं. तेव्हा व्यायामवाली म्हणाली, "ताई, तीन आठवडे थांबा. खुर्चीतून पाच वेळा, आणि जमिनीवरून एकदा स्वतःचं स्वतः. एवढं जमलं तर मी स्वतः सांगेन की आजोबा इथे राहू शकतात. नाही जमलं तर आजोबा, मुकाट्यानं लेकीकडे. चालेल?" ठमीनं बापाकडे बघितलं. बापानं मान हलवली. सौदा ठरला.

लेक गेल्यावर ते त्याच खुर्चीत बसून राहिले. समोरच्या भिंतीवर दुपारचं ऊन खिडकीच्या चौकटीच्या आकारात पडलं होतं आणि हळूहळू कपाटाकडे सरकत होतं. ह्या उन्हात बायकोनं चाळीस वर्षं केस वाळवले. ही खोली सोडायची म्हणजे हे ऊन सोडायचं, डोक्यावरची घरघर सोडायची, ती कुठल्या बाजूनं हाक मारत असे ती दिशा सोडायची. तळमजल्याच्या खोलीत हाक कुठून येणार? त्यांनी हात छातीवर घेतले आणि मांड्यांना जोर दिला. बूड बोटभरही सुटलं नाही. पुन्हा. गुडघ्यात कळ आली. जोर, जोर, जोर. सगळा घाम कपाळाला आला, पण खुर्ची सुटेना. आणि असं ओठ आवळून, खांदे ताठ करून, खुर्चीच्या पाठीला टेकून जोर लावताना त्यांना अचानक वस्ताद आठवले. आठवले म्हणण्यापेक्षा, इतकी वर्षं ज्या दाराशी उभं राहायचं टाळलं ते दार आपोआप उघडलं.

वस्ताद म्हणजे पहाड. लिफ्टच्या शाफ्टच्या तळाशी, अंधाऱ्या खड्ड्यात उभे राहिले की वरून नुसते खांदे दिसत. कानसेन नवे होते तेव्हा त्यांना वाटे, मोटर गाडी उचलते. वस्ताद हसले होते. "लेका, एवढीशी मोटर एवढी गाडी कशी उचलेल? इकडे ये." आणि त्यांनी भिंतीमागे सरकणारी लोखंडी ठोकळ्यांची चळत दाखवली, काउंटरवेट, जी गाडीत बसणाऱ्याला जन्मात दिसत नाही. दोर पुलीवरून गेलेला; एका टोकाला गाडी, दुसऱ्याला हे वजन. "रिकाम्या गाडीइतकं आणि वर तिच्यात मावणाऱ्या निम्म्या माणसांइतकं. गाडी वर जाते ती हे खाली येतं म्हणून. उचलतं ते पलीकडचं वजन. मोटर नुसती हो म्हणते." आणि मग ब्रेक हातानं सैल करून दाखवला: रिकामी गाडी, कुणीही न ढकलता, शांतपणे वर निघाली. कानसेनांच्या अंगावर तेव्हा काटा आला होता. रिकामं झालं की वर जातं. देवळातही इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच वस्तादांना शेवटी अर्धांगाचा झटका आला आणि ते दोन वर्षं पलंगावर होते. कानसेन फळं घेऊन भेटायला गेले. बोलणं अडखळत होतं, डोळे मात्र तेच. निघताना वस्तादांनी त्यांचं मनगट धरलं. "लेका, मला एकदा उभं कर. खिडकीपर्यंत. दोनच मिनिटं." दारात वस्तादांची सून उभी होती, तिनं मागून मान हलवून नको नको म्हणून खुणावलं, डॉक्टरांनी बजावलं होतं. कानसेनांनी उशी नीट करायच्या निमित्तानं त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि तो पहाड कापसासारखा वर आला. ते घाबरले. हे खरं कारण होतं. सून नव्हती, डॉक्टर नव्हता. ते त्या हलकेपणाला घाबरले. "पुढच्या वेळी, वस्ताद. पुढच्या वेळी नक्की," असं म्हणून त्यांनी पुन्हा निजवलं. नंतर दोनदा त्या गल्लीवरून गेले, कामाची घाई आहे असं स्वतःला सांगून वळले नाहीत. मग एक दिवस निरोपच आला. कानसेनांनी तेव्हा बायकोलाही सांगितलं नाही. चाळीस वर्षं होत आली ह्याला. आता ह्या खुर्चीत, मांड्या थरथरत असताना, त्यांना कळलं की वस्तादांना खिडकीतून काही बघायचं नव्हतं. त्यांना फक्त उभं राहायचं होतं. आणि ठमी काही वाईट नाही. तिनं निदान तीन आठवडे दिले. मी दोन मिनिटं दिली नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली. रोज सकाळी तोंड धुतलं की तीच खुर्ची; एका प्रयत्नाला एकदा देवाचं नाव, आवाज न करता. पहिले आठ दिवस नाव होई, उठणं होत नसे. देवाला काय वाटलं असेल कोण जाणे. रोज दहा हाका आणि हाक मारणारा जागचा हलत नाही. शिवणकामवाली भिंतीपलीकडून विचारी, "काका, कण्हताय की भजन चाललंय?" ते म्हणत, "दोन्ही." ती अंडी उकडून आणून देई आणि समोर उभी राहून खायला लावी. रात्री अंग ठणके. सकाळी आरशात बघताना मानेची कातडी सैल, दंडाचा स्नायू कुठे गेला कळत नाही. ते त्याला रागवत नसत. झिजलंय, ते दिसतंय. झिजलेल्या मशीनला शिव्या देऊन ती चालत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. काय उरलंय ते बघायचं आणि त्यावर चालवायची.

नवव्या दिवशी चष्मा पडला. ते खुर्चीच्या कडेला बसले होते, पाय मागे घेतलेले, आणि चष्मा दोन पावलांवर जमिनीवर. तो घ्यायला ते पुढे वाकले. डोकं गुडघ्यांच्या पुढे गेलं, हात लांब झाले, आणि मागे बूड आपोआप हलकं झालं. खुर्चीवरून सुटलं. जोर न लावता. कानसेन तसेच अर्धवट वाकलेले थिजले. वर मशीनमध्ये ब्रेक टक्कन सुटला, रिकामी गाडी कुणीतरी वर बोलावली होती, ती आली, हलकी, जवळजवळ न बोलता. "अरे," ते मोठ्यानं म्हणाले, "डोकं! डोकं हे काउंटरवेट!" इतके दिवस ते मागे टेकून, नुसत्या मोटरीवर गाडी उचलत होते. हेच ती काडीसारखी मुलगी पहिल्या दिवशी सांगत होती, नाक बोटांपुढे, आणि हे आपल्याला काय शिकवणार म्हणून त्यांनी ऐकलंच नव्हतं. कानसेन म्हणे! ते एकटेच इतके हसले की भिंतीपलीकडचं शिवणयंत्र थांबलं. त्या सकाळी ते एकदा उठले. दुसऱ्या दिवशी दोनदा.

ठरल्या रविवारी दोघी आल्या. ठमीनं येताना एक रिकामी बॅग आणली होती आणि ती दाराआड ठेवली, दिसू नये अशी. पण तिचं एक चाक दिसत होतं. कानसेनांनी चाक बघितलं. खुर्चीच्या कडेला आले, पाय मागे, हात छातीवर. डोकं पुढे गेलं आणि ते उठले. "एक," व्यायामवाली म्हणाली. ठमीनं श्वास रोखला. दोन. तीन. चौथ्याला डावी मांडी दोरासारखी थरथरली, पण आले. पाचव्याला त्यांनी लेकीकडे बघितलं. तेवढ्यानं डोकं वर राहिलं, वजन मागे गेलं, आणि ते धप्पकन पुन्हा खुर्चीत बसले.

दाराआडून बॅगेचं चाक दिसत होतं.

"चार," व्यायामवाली हळूच म्हणाली.

"चारच," कानसेन म्हणाले. "चारच मांड. जरा थांबू दे, मोटर तापलीय. तोवर ठमे, तुला एक सांगायचंय. मला त्या दिवशी चक्कर आली नव्हती."

"म्हणजे?"

"मशीन खसफसलं म्हणून मी वर बघितलं. फरशी बघितली नाही. गाडी दोन बोटं खाली होती. अडखळलो. एकेचाळीस वर्षं लोकांना शिकवलं ते स्वतःच विसरलो, म्हणून खोटं बोललो."

ठमीचं तोंड उघडंच राहिलं. "बाबा! मी तुमच्या डोक्याचे फोटो काढून आणले! पंधरा दिवस मी झोपले नाही!"

"फोटो चांगले आलेत म्हणाले ना डॉक्टर?"

"हसू नका! मला नाही हसू येत!" पण तिचा आवाज मध्येच फुटला आणि हसू का रडू ते तिलाही कळेना.

"आणि अजून एक. पडलो तो चुकीनं, पण उठता आलं नाही ते वयानं. ते खोटं नाही. ती भीती तुझी खरी आहे. म्हणून आता बघ." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते खुर्चीला धरून गुडघ्यावर आले आणि जमिनीवर सरळ आडवे झाले. ठमी किंचाळून पुढे धावली. व्यायामवालीनं तिचा दंड धरला. फरशी गार होती. वर आढं दिसत होतं, त्यापलीकडे मशीन. क्षणभर ते नुसते पडून राहिले; पलंगावरून वस्तादांना असंच आढं दिसत असेल, दोन वर्षं. मग ते कुशीवर वळले. कोपर. तळहात. बसते झाले, दम घेतला. गुडघ्यांवर आणि हातांवर आले आणि एखाद्या तान्ह्या लेकरासारखे खुर्चीपर्यंत रांगत गेले, स्वतःच्या लेकीसमोर, आणि त्यांना लाज वाटली नाही. दोन्ही कोपरं खुर्चीवर. उजवं पाऊल पुढे, सपाट. आता डोकं. एवढंच. देवाचं नाव ह्या वेळी आवाजानं निघालं. मांडी थरथरली, खुर्ची करकरली, आणि बूड वर आलं. ते वळले आणि खुर्चीत बसले. केस विस्कटलेले, सदऱ्याला धूळ.

ठमी पुढे आली. मग तिनं पदरानं त्यांच्या सदऱ्यावरची धूळ झटकली, जरा जोरातच. "रोज सकाळी आठला फोन. उचलला नाहीत तर शिवणकामवालीकडे किल्ली. न्हाणीघरात दांडी बसवायची. आणि खोटं बोललात तर बॅग घेऊन येईन."

"अन् रंग दिलेली खोली?"

"तिथे मी बसेन शांत. कुणाचे तरी फोटो बघत." तिनं दाराआडची बॅग उचलली, रिकामीच. "येते बाबा."

"थांब, दारापर्यंत येतो," असं म्हणून कानसेन उठले. डोकं पुढे, हात कुठेच न लावता. बोलता बोलता, लक्षही नसताना. व्यायामवालीनं कुणाला न सांगता हाताची पाचही बोटं पसरून ठमीला दाखवली.

लिफ्ट आली. दार उघडलं. ठमीनं आधी फरशी बघितली, मग पाऊल टाकलं. आणि बापानं ते बघितलं. दार मिटलं. दोघी खाली निघाल्या आणि भिंतीमागे, कुणालाही न दिसता, ते लोखंडी वजन मजल्यामागून मजला वर येऊ लागलं. कानसेनांनी भिंतीला हात लावला तेव्हा ते त्यांच्या तळहाताखालून गेलं, थरथर करत, आणि वर जाऊन थांबलं. "वस्ताद," ते म्हणाले, "उभा आहे मी. दोन मिनिटं झाली."

झाली गोष्ट. आता उठाल तेव्हा घाई करू नका. पाय मागे घ्या, डोकं पुढे न्या. आणि उभं राहिल्यावर, खिडकी असो वा नसो, त्या वस्तादांची एकदा आठवण काढा. त्यांनी फक्त दोन मिनिटं मागितली होती.